येनाच्या लाकडाची गिटार

खोक्यात एकूण सत्तर नग होते. एक बॉडी, एक गळा, सहा खुंट्या, दोन पिकअप, एक ब्रिज, दोन नॉब, एक स्विच, एक जॅक, सहा तारा आणि तीन पुड्यांत मिळून एकोणपन्नास स्क्रू. सोबतच्या कागदावरच्या यादीतही सत्तरच. मी दोनदा मोजले. कोळशाचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी काम करते. तिथे पिशव्या दोनदा मोजायची सवय लागते.

सत्तरातला एक नग निकामी निघाला. बॉडीला, गळा बसतो त्या खाचेपासून खालपर्यंत, नख जाईल एवढी भेग होती. विकणाऱ्याकडे दुसरी बॉडी शिल्लक नव्हती. आमच्या वस्तीतल्या संघपालच्या गायन पार्टीत जानेवारीपासून वाजवायचे मी कबूल केले होते. तेव्हा बॉडी आपणच करायची, असे ठरवले. लाकूड घरातच होते.

आमचे घर चंद्रपूरबाहेर, बंद पडलेल्या एका भूमिगत खाणीजवळच्या वस्तीत आहे. दोन खोल्या, वर स्लॅब. दोरीवर टाकलेला पांढरा कपडा संध्याकाळपर्यंत करडा होतो. दुपारी अडीचला पलीकडच्या उघड्या खाणीत सुरुंग उडतो आणि मांडणीवरची भांडी एकदा वाजतात. पाहुणे दचकतात, आम्ही त्यावर घड्याळ लावतो.

माझे वडील सोमाजी त्या भूमिगत खाणीत एकतीस वर्षे टिंबर मिस्त्री होते. खाणीच्या छताला लाकडाचे टेकू द्यायचे आणि कोळसा काढून झाला की तेच टेकू परत काढून आणायचे, हे त्यांचे काम. लोखंड न सांगता वाकते; लाकूड मोडायच्या आधी करकरते, म्हणून लाकूड. मशिनींनी बाबांचे कान लवकर गेले. मग ते टेकूवर तळवा ठेवून ऐकायचे. 'लाकूड बोलते,' एवढेच ते खाणीबद्दल सांगत.

असाच एक टेकू आमच्या पुढच्या खोलीत, बाबांच्या खाटेच्या उशाशी उभा होता. येनाचे, म्हणजे ऐनाचे लाकूड, मनगटापेक्षा तिप्पट जाड. वरच्या टोकाला चपटी फळी आणि फळीखाली ठोकलेली पाचर. माझ्या जन्माआधीपासून तो तिथे होता आणि आईने त्याला कॅलेंडर अडकवले होते. स्लॅबला चार भिंती आणि दोन बीम असताना त्याची गरज नव्हती. हे मी गृहीत धरले नाही, तपासले. फळी आणि स्लॅब यांच्यामध्ये वहीचा कागद सरकवला. तो आरपार गेला. म्हणजे भार शून्य.

नोव्हेंबरात बाबा धानाच्या कापणीला मूल गावी आत्याकडे गेले होते.

"आई, तो टेकू काढू?"

"काढ न माय. पंचवीस वर्स झाले, त्याच्या बुडाशी झाडू जात नाई. पण तुह्या बापाले इचारलं काय?"

"आल्यावर सांगीन."

"सांगजो. ऐकू आलं त पाहू," म्हणत आई हसली.

हातोडीच्या पहिल्याच ठोक्याला पाचर निघाली. नुसती निघाली नाही. उडून समोरच्या भिंतीवर आपटली आणि गिलाव्याचा टवका पाडून गेली. भार नसलेली पाचर उडत नाही. वहीत तशी नोंद केली आणि पुढच्या कामाला लागले.

टेकूचा अर्धा मीटर कापून आरा मशीनवर नेला. तिथल्या आदेशने लाकूड उलटेसुलटे करून पाहिले.

"येन आहे ताई. आऱ्याचे दात खाते हे. याचं काय करता?"

"गिटार."

"वाजवता का मारता कोनाले?"

त्याने तीन फळ्या पाडून दिल्या. मी त्या सरसाने जोडल्या, आकार कापला, रंधा मारला. पाच ठिकाणी वर्नियरने जाडी मोजली: पाचही ठिकाणी ४४.० मिलिमीटर. घासून लाखेच्या पॉलिशचे नऊ हात दिले. लाकडाचा रंग ओल्या मातीसारखा उतरला आणि त्यात काळ्या रेषा उमटल्या. गळा चार स्क्रूंनी बसवला. पिकअप, ब्रिज, खुंट्या, तारा. वजन ४.९ किलो.

पहिला सूर छेडला तेव्हा मी कामाचे कष्ट विसरले. तार थांबायलाच तयार नव्हती. आई पीठ मळत होती, ती परात घेऊन दाराशी आली. "आवाज त लई खोल आहे व," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी, रविवारी, दुपारी एकला मी तारा बदलायला काढल्या. गिटार मांडीवर, केबल लावलेली, आवाज मोठा करणारा अँप चालू राहिला होता. अँपमधून आवाज आला. ठक, ठक. मग थोडे थांबून, ठक.

पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तार. समोर लोखंडाची तार हलली तरच त्यात वीज तयार होते. समोर तार नव्हती. मी बोटाने बॉडी ठोकून पाहिली, अँप गप्प. नखाने पिकअपचे झाकण ठोकले, बारीक टक. हा आवाज तसा नव्हता. तो काठी कातळावर आपटल्यासारखा होता आणि त्याच्यामागे बरीच मोठी पोकळी असल्यासारखा घुमत होता.

सुरुंगाला अजून दीड तास होता. शेजारी काही ठोकाठोकी नव्हती. जॅक बदलला, केबल बदलली, अँप दुसऱ्या खोलीत नेला. त्या दुपारी तो आवाज चार वेळा आला. सोमवारी सात. मंगळवारी अकरा. प्रत्येक वेळी दोन आणि एक.

बुधवारी बाबा आले. खांद्यावर नव्या तांदळाची थैली होती, ती त्यांनी उतरवलीच नाही. कोपऱ्याकडे पाहत उभे राहिले.

"टेकू कोनं काढला?"

"मी, बाबा," मी त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणाले. "त्याच्यावर भार नव्हता. कागद जात होता."

"कागद," ते म्हणाले. रागावले नाहीत. आपली काठी उचलून त्यांनी स्लॅबला ठोकले आणि दुसरा तळवा भिंतीवर ठेवला. दोनदा ठोकले, थांबून एकदा.

माझ्या हातातला पाण्याचा तांब्या मी खाली ठेवला.

गिटार आणून दाखवली. सगळे सांगितले. त्यांनी ती आडवी धरली, लहान मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा बॉडीवर तळवा ठेवला आणि डोळे मिटले. अँप बंद होता. मग त्यांनी डोळे उघडले.

"इतवारीचा हात आहे. दोन मारते, थांबते, मंग एक. छत पाहून राह्यला."

"कोण इतवारी?"

"माह्या जोडीचा. खदानीच्या गॅलरीतले टेकू काढून राह्यलो होतो आमी. शेवटचे दोन उरले. लाकूड बोलाले लागलं. मी म्हनलं, चाल बे, राहू दे. तो म्हने, हा तू घे, तो मी घेतो. मी माह्यावाला काढला, खांद्यावर मारला न निंगालो. बारा पावलं झाले असन."

त्यांनी गिटारवरचा तळवा उचलून वरून खाली आणला, छत येते तसा. आईने पदराने नाक पुसले. तिला हे माहीत होते, एवढे मला कळले.

"मंग हा टेकू..."

"मी हाच काढला नसता त इतवारी उभा राह्यला असता. म्हून आनून उभा केला. आता तू काढला." ते गिटारकडे नाही, माझ्याकडे पाहत होते. "तुह्यी चूक नाई पोरी. तुले कागद दिसला."

थैली खाली ठेवून ते कोपऱ्यात गेले. टेकूच्या बुडाचा गोल डाग फरशीवर अजून होता. त्यावर दोन्ही पाय जुळवून, भिंतीला पाठ न लावता, ते उभे राहिले.

"आता हे काय?" आई म्हणाली. "बसा न. चहा ठेवते."

"टेकू नाई, त मानूस पायजे."

आधी वाटले, तासाभरात बसतील. ते बसले नाहीत. आईने भाकर हातात दिली. उभ्यानेच दोन घास खाल्ले. झोप उभ्याने लागायची, गुडघे मुडपले की जागे व्हायचे. मी जबरदस्तीने हात धरून ओढले, तेव्हा वर स्लॅबमध्ये काहीतरी बारीक करकरले. किंवा खाटेचा पाय सरकला असेल. मी हात सोडला.

लेसर मीटर प्रयोगशाळेतून आणला. जमिनीपासून स्लॅबपर्यंत २७४० मिलिमीटर, चारही कोपऱ्यांत. ओळखीच्या इंजिनिअरने येऊन बीम पाहिले, भेग नाही म्हणाला आणि बाबांकडे न पाहता निघून गेला. स्लॅबच्या कामाचा लोखंडी जॅक आणून मी त्यांच्या बाजूला घट्ट आवळला. बाबांनी त्याच्यावर तळवा ठेवून पाहिला. "मुका आहे," म्हणाले आणि जागेवरच राहिले.

खोलीसारखीच मी त्यांचीही उंची मोजत होते. उभ्या माणसाचा कणा दिवसभरात थोडा दबतो, झोपला की पुन्हा ताणला जातो. हे पुस्तकात आहे. बुधवारी १६८४. गुरुवारी १६७८. शुक्रवारी सकाळी १६७१. पाय सुजले होते. डोक्यावर भारा घेतल्यासारखी मान खांद्यांत गेली होती.

"बाबा, दवाखान्यात चला."

"जाईन. कोनी उभं राह्यते काय इथी?"

आई चुलीपुढून उठली. "मी राह्यते," म्हणाली आणि खरेच कोपऱ्याकडे निघाली.

मी तिला अडवले.

गिटार टेबलावर होती. अँप बुधवारपासून बंद होता. मी बॉडीवर तळवा ठेवला. आतापर्यंत ठेवला नव्हता, हे तेव्हा लक्षात आले.

दोन. मग एक.

मी स्क्रूड्रायव्हर घेतला.

तारा आधीच उतरवलेल्या होत्या. खुंट्या काढल्या. ब्रिज, पिकअप, नॉब, स्विच, जॅक. गळ्याचे चार स्क्रू. सगळे खोक्यात परत ठेवले आणि मोजले: एकोणसत्तर.

बाबा पाहत होते. न्हाणीमागे पडलेला उरलेला टेकू मी ओढत आणला. तो आता अर्धा मीटर कमी होता. बाबांच्या पायांलगत सिमेंटचे दोन ठोकळे, टेकूची जुनी फळी आणि लाकडाचे तुकडे रचले. वर ठेवायला चपटे लाकूड हवे होते.

"त्याच लाकडाचं पायजे," बाबा म्हणाले.

"तेच आहे."

पॉलिश केलेली बाजू स्लॅबकडे करून मी बॉडी टेकूच्या डोक्यावर आडवी ठेवली. पाचर खालून लावली. हातोडी बाबांनी मागितली. उभ्या जागेवरून हलता हलता, एक पाय डागावर ठेवूनच, त्यांनी ठोकले. तीन ठोके. चौथ्याला आवाज बदलला. त्यांनी लाकडाला तळवा लावला, वाट पाहिली आणि खाटेवर बसले. बसल्या बसल्याच झोपले. आईने त्यांचे पाय वर उचलून ठेवले.

दुपारी अडीचला भांडी वाजली. त्याआधी नाही, त्यानंतर नाही.

शनिवारी बाबांची उंची १६८३ भरली. जानेवारीसाठी संघपालला दुसरा गिटारवाला पाहायला सांगितले. त्याने कारण विचारले. बॉडीला भेग आहे, मी म्हणाले. ते खोटे नव्हते.

रविवारी सकाळी बाबा अंगणात आईबरोबर तांदूळ निवडत होते आणि खडे कुणाला जास्त दिसतात यावरून भांडत होते. मी स्टूल घेऊन कोपऱ्यात गेले. खोलीची उंची, लेसरने, तीन वेळा: २७४० मिलिमीटर. वहीचा कागद स्लॅब आणि बॉडीच्या मध्ये सरकवून पाहिला, चारही बाजूंनी. गेला नाही. करताना ४४.० भरली होती, तिथेच पुन्हा वर्नियर लावला.

बॉडीची जाडी: ४१.३ मिलिमीटर.