बरगड्यांवरचे हात

त्या दिवशी मी फार खुशीत होते, हे आधी सांगून टाकते. फिजिओथेरपी विभागात लागून मला जेमतेम चार महिने झाले होते. आमच्या मोठ्या मॅडम रजेवर होत्या आणि पहिल्यांदाच एक पेशंट अथपासून इतिपर्यंत माझ्या एकटीच्या हाती आला होता. सकाळचे साडेअकरा. खिडकीतून लख्ख ऊन, आणि पडद्यापलीकडे एक आजोबा गुडघा वाकवता वाकवता व्यायाम शोधून काढणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. भीती वाटावी असं तिथं काही म्हणजे काही नव्हतं.

पेशंट धरणावरचा पाणबुडा होता. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, बोलायला अगदी कमी. धरणाच्या दारापुढच्या लोखंडी जाळीत गवत आणि ओंडके अडकतात, ते काढायला तो नुसत्या श्वासावर खाली जायचा. अकरा दिवसांपूर्वी त्याच्याबरोबर उतरलेला त्याचा मेहुणा वर आलाच नव्हता. दुसऱ्या पथकानं दोनदा शोधलं, हाती काही लागलं नाही. आता याला स्वतः उतरायचं होतं, पण त्या दिवसापासून याची मधली पाठ धरली होती आणि श्वास अर्ध्यावर अडकत होता. एक्स-रेत काही नव्हतं. बायको बाहेर बाकावर बसली होती. गेलेला तिचाच धाकटा भाऊ.

मी त्याला स्टुलावर बसवलं, हात छातीवर बांधायला लावले आणि कमरेच्या वर डावी-उजवीकडे वळायला सांगितलं. सगळं धड ओंडक्यासारखं एकसंध वळलं. मग छातीभोवती टेप गुंडाळून खोल श्वास घ्यायला सांगितला. अशा माणसाची छाती सहा-सात सेंटिमीटर सहज फुलायला हवी. टेप अर्धा सेंटिमीटर सरकला आणि थांबला. खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. शिकताना पुस्तकात वाचलेलं समोर जसंच्या तसं दिसत होतं.

मग त्याला पालथं झोपवलं आणि अंगठ्यांनी एकेक मणका दाबत खाली आले. सातव्या मणक्यापर्यंत सगळं ठीक. आठव्याच्या दोन्ही बाजूंना अंगठे टेकवले, तर ते आत बसले. म्हणजे तिथं आधीच दोन खळगे होते, अंगठ्याएवढे. बरगड्यांची हालचाल बघताना आम्ही अंगठे मणक्यापाशी ठेवतो आणि बोटं दोन्ही कुशींकडे पसरतो. मी तशी बोटं पसरली. प्रत्येक बोट एकेका खाचेत जाऊन बसलं. खाचा माझ्या बोटांपेक्षा जाड होत्या, लांब होत्या. डावीकडे चार. उजवीकडे तीनच. करंगळीखाली सपाट कातडी.

माझे हात गार पडले. पाठ गार होती, म्हणून.

श्वास सोडा, म्हटलं. त्यानं सोडला. बरगड्या खाली बसल्या आणि माझ्या तळव्यांखाली काहीतरी त्यांच्यामागोमाग आवळलं गेलं. जेवढी जागा सुटली तेवढी त्यानं लगेच घेतली. आता श्वास घ्या, म्हटलं. ते सैल झालं नाही. साचलेल्या पाण्याचा, कुजक्या शेवाळाचा वास एकदम नाकात शिरला. तरी हात काढावेसे वाटत नव्हते, हे सांगायलाच हवं. इतकं चमत्कारिक काही आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या बोटांना कळत होतं.

मी हलक्या आवाजात विचारलं, "तुम्हाला मागून कुणी धरलं होतं का?"

उशीत तोंड खुपसूनच त्यानं सांगितलं, थांबत थांबत. मेहुण्याचा पाय जाळीत अडकला होता. हा सोडवायला वाकला, पाय निघेना. याचा श्वास संपत आला म्हणून हा वर जायला वळला, तेव्हा त्यानं मागून दोन्ही कुशींत धरलं. ती पकड सुटेना. शेवटी यानं त्याची उजवी करंगळी पकडली आणि मागे वाकवली.

"मोडली..." तो म्हणाला. "पाण्यात आवाज ऐकू येतो, मॅडम. मग त्यानं सोडलं... मला वाटलं, सोडलं."

हे बायकोला ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. चार महिन्यांची नोकरी, अशा वेळी काय करायचं ते कुणी शिकवलेलं नव्हतं. तोच म्हणाला, तिला आत बोलवा.

ती आली. उशीतून तोंड वर न काढता त्यानं सगळं पुन्हा सांगितलं, करंगळीसकट. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. ती रडेल, नाहीतर तडक निघून जाईल, असं मला वाटलं. तिनं पदर खोचला, माझे हात बाजूला केले आणि आपले तिथं ठेवले. क्षणभर तिचा चेहरा असा झाला, की तिनं ते हात ओळखले हे मला कळलं.

"सोड रे," ती पाठीशी वाकून म्हणाली, लहानपणी दटावत असेल तशी. "दाजींना सोड. ते येतात तुला न्यायला... मी पाठवते."

कट. एक बरगडी सुटली. मग दुसरी, तिसरी, दोन्हीकडून पटापट, ओल्या दोरीची गाठ सुटत जावी तशी. तो ताडकन उठून बसला आणि त्यानं श्वास घेतला. मी घाईनं टेप लावला. आठ सेंटिमीटर! मी हसत होते, ती रडत होती, तो नुसता श्वास घेत होता, भुकेल्यानं जेवावं तसा. पडद्यापलीकडच्या आजोबांनी गुडघा सोडून विचारलं, कोण बाळंत झालं का.

तिसऱ्या दिवशी तो उतरला आणि पहिल्याच बुडीत मेहुण्याला घेऊन वर आला. तिनं भावाला नीट निरोप दिला. गोष्ट इथंच संपायला हवी होती.

महिन्यानं तो पुन्हा तपासणीला आला. दुखणं नाही, झोप छान, कामावर रुजू. चेहऱ्यावर तेज आलं होतं. म्हणाला, हल्ली खाली श्वास फार टिकतो, वरची माणसं घाबरून दोरी ओढायला लागतात. मी म्हटलं, छाती मोकळी झाली ना, म्हणून. गंमत म्हणून त्याला कुशीवर झोपवलं, श्वास रोखायला सांगितला आणि पाठीवर तळवा ठेवला. त्यानं ओठ मिटले, नाक चिमटीत धरलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मी उभी राहिले.

दुसरं मिनिट संपलं, आणि माझ्या तळव्याखाली त्याच्या बरगड्या हळूच वर आल्या. खाली गेल्या. पुन्हा वर. अगदी संथ, झोपलेल्या माणसासारख्या. त्याचं नाक चिमटीतच होतं, ओठ घट्ट मिटलेले.

मी हात काढला नाही. काढवेना.

बऱ्याच वेळानं त्यानं नाक सोडलं, मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि हसत विचारलं, "किती झालं, मॅडम?"

अकरा मिनिटं झाली होती. मी तीन सांगितली.