आधी येणारा सूर

मुकुलचा नवा बास गिटार मुंबईहून बसने आला आणि भल्या सकाळी हातखंब्याच्या नाक्यावर काजूच्या गोणींशेजारी उतरला. घाट जुना, अंग पोकळ, वर व्हायोलिनला असतात तशा दोन फटी, मध्ये मधाचा रंग आणि कडेला काळपट. वाद्य मात्र जुनं नव्हतं. कारखान्यातून कोरं आलेलं, प्लास्टिकसकट. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं ऐकून लोक पहिल्यांदा हेच विचारतात की तो आधी कुणाचा होता. कुणाचाच नव्हता.

मुकुल कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा आणि रविवारी भास्करकाकांच्या गाण्याच्या मंडळात बास वाजवायचा. काकांची आंब्याची पॅकिंग शेड हंगाम सोडला तर रिकामीच. तिथे खोक्यांच्या थप्प्या बाजूला सारून तालीम चाले आणि पेंढ्याच्या वासाने निम्मे गायक शिंकत असत. मुकुलविषयी काकांची एकच तक्रार होती. तो ठोक्याच्या किंचित मागे राही.

"मेल्या, गाडी सुटल्यावर स्टेशनात येतोस!" काका पेटीवरून ओरडत. "जानेवारीच्या कार्यक्रमात असं केलंस, तर की-बोर्डवाल्याला देईन हो तुझं काम."

ते त्याला फार लागे. रत्नागिरीत बास वाजवणाऱ्याला दुसरं मंडळ मिळणार कुठे? आणि आठवडाभर तो जगायचा तो त्या रविवारसाठीच.

नव्या बासवर तो मागे राहिला नाही. पोकळ लाकूड पोटाला टेकलेलं असे, आणि तार छेडायच्या जराशी आधी तोच सूर त्याला आत घुमलेला जाणवे. त्यावर बोट टाकलं की ठोका बरोब्बर. मुकुलने स्वतःला शास्त्र व्यवस्थित समजावलं: पोकळ खोकं, शेजारी पेटी आणि तबला, घुमणारच. सगळं पटलं. आधी का घुमतं, तेवढं सोडून.

"पोरगा सुधारला रे!" काका म्हणाले, आणि मुकुलने पुढचा विचार सोडून दिला.

एकदा नाचणे भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये, केबल न लावता, त्याने गंमत करून पाहिली. मनात 'ए' हा सूर वाजवायचं ठरवलं. पोटात 'डी' घुमला. तो हसला आणि मुद्दाम 'ए'च्या तारेवर बोट टेकवलं. तेवढ्यात त्याची सात वर्षांची मुलगी, आर्या, मागून येऊन गळ्यात पडली. बोट शेजारच्या तारेवर घसरलं. 'डी' वाजला.

आर्याला त्या गिटारला हात लावायची बंदी होती, म्हणून ती हटकून लावी. सर्वांत जाड तारेखाली अंगठा घालायची, वर ओढायची आणि सोडून द्यायची. तार धाडकन लाकडावर आपटे. मग तिची आई, अपूर्वा, स्वयंपाकघरातून ओरडे, "आर्या, काय गो सांगितलंय!"

कार्यक्रम जवळ आला तसं अंतर वाढत गेलं. आधी एका ओळीचं, मग एका कडव्याचं. शेडमध्ये मुकुलच्या हातात एक कडवं असे आणि पोटात पुढचं. त्याला त्याची सवय झाली, आणि भिण्यासारखं खरं तर तेच होतं. त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बास घराबाहेर गेला असता, आणि वाजवताना इतका आनंद त्याला आजवर कधी झाला नव्हता.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी स्टँडवर उभा बास आपला आपण वाजू लागला. अगदी हळू, फटीला कान लावावा लागला. पहिलं गाणं, मग दुसरं. कार्यक्रमाच्याच क्रमाने, आणि वाजवण्याची ढब मुकुलचीच. तिसरं काकांनी बांधलेलं होडीचं गाणं. त्याच्या दुसऱ्या कडव्यात 'किनारा' या शब्दानंतर सगळे थांबतात आणि बास एकटा खाली उतरत जातो. तिथे उतरता उतरता वाजणं तुटलं.

बराच वेळ काही नाही. मग सर्वांत जाड तार धाडकन लाकडावर आपटली. मग पुन्हा एकदा.

आर्या त्या वेळी खाली मैदानात खेळत होती. तिचा आरडाओरडा खिडकीतून ऐकू येत होता. मुकुल जमिनीवरच बसून राहिला. आपण उद्या रंगमंचावरून घरी येणार नाही, आणि हा बास पोरीच्या हाती राहणार, एवढंच त्याला कळलं.

सकाळी त्याने काकांना फोन केला. "काका, ताप आहे. मला जमायचं नाही."

"आत्ता सांगतोस, शिंच्या? लोक येऊन बसतील आता!" काका कडाडले. "बरा झालास तरी शेडवर येऊ नको."

मंडळ हातचं गेलं. मुकुलला रडू आलं, पण ते गिळून तो खुर्चीत बसून राहिला. बासकडे पाहिलंसुद्धा नाही. दुपारी तबलेवाल्या ओमकारचा मेसेज आला की कार्यक्रम झाला, सभागृह बंद केलं, सगळे जेवायला निघाले. तेव्हा कुठे त्याला भूक लागली. कुळथाचं पिठलं त्याने दोनदा मागून घेतलं.

आर्या मात्र सकाळपासून नवा फ्रॉक घालून रुसली होती. "तू म्हणालेलास, मला पुढच्या खुर्चीत बसवशील."

"मग आता बसवतो."

"सगळं वाजवायचं. पहिल्यापासून."

कार्यक्रम तर संपला होता. आता कसली भीती? त्याने तिच्यासाठी समोर खुर्ची मांडली आणि बास पोटाशी घेतला. आत अपूर्वाने भांडी घासायला घेतली.

पहिलं गाणं झालं. आर्याने टाळ्या वाजवल्या. दुसरं झालं. बाल्कनीत स्वच्छ ऊन होतं, दोरीवर टॉवेल हलत होते. होडीचं गाणं त्याने बासबरोबर स्वतःच म्हणायला घेतलं.

पहिलं कडवं संपलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की पोटात काहीच घुमत नाहीये.

पुढचं कडवं नाही. पुढची ओळ नाही. पुढचा सूरही नाही.

बासने कार्यक्रम ऐकवला होता. तो सभागृहातलाच, हे मुकुलने आपल्या मनाने धरलं होतं.

थांबायचं, असं त्याने ठरवलं. बोटं वाजवत राहिली.

'किनारा' आला.

स्वयंपाकघरात नळ चालू होता. वाजणं थांबलेलं अपूर्वाला जाणवलं. थोड्या वेळाने जाड तार धाडकन आपटली.

"आर्या, बाबाच्या गिटारला हात नको, काय गो सांगितलंय!"

"आई, बाबा मध्येच थांबला," आर्या म्हणाली, आणि तिने तार पुन्हा ओढली.