बादलीभर किल्ल्या

त्या दिवशी कुलूपवाल्यानं दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि तो शाळेत गेला, तो फक्त एक बादली बघायला. बादली साधीच होती. निळी, प्लास्टिकची, कडी तुटलेली. आत पाऊण बादली किल्ल्या.

पूल पडून तेव्हा सव्वीस दिवस झाले होते. संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, माणसं कामावरून घरी परतत असताना तो पडला. पडला म्हणजे काय, चार वर्षं पडायलाच आला होता. ‘काम चालू आहे’ अशी पाटी लावून त्याला कसाबसा उभा ठेवला होता, आणि त्या पाटीच्या आडोशाला काम सोडून बाकी सगळं चालू होतं. आता पूल गेला आणि पाटी तेवढी काठावर शाबूत राहिली.

पहिल्या आठवड्यात लोकांनी एकमेकांना असं काही धरून ठेवलं, की बघणाऱ्याला वाटावं, एवढ्या चांगल्या माणसांना एवढा वाईट पूल मिळाला कसा? बेकरीवाल्यानं सात दिवस भट्टी विझू दिली नाही. न्हाव्यानं दुकानातल्या खुर्च्या उचलून मदतकेंद्र झालेल्या शाळेत आणल्या, म्हाताऱ्यांना टेकायला. भिंतीच्या वादावरून वीस वर्षं न बोललेले दोन शेजारी एकाच दोरीला धरून पाण्यात उतरले. दुसऱ्या आठवड्यात चौकशी समिती आली. तिसऱ्या आठवड्यात फॉर्म आले. आणि फॉर्म आले तशी माणसं पुन्हा होती तशी झाली.

एकोणीस जण अजून सापडले नव्हते. वरून नियम आला की ज्याचं प्रेत नाही, तो पुलावर होता याचा पुरावा घरच्यांनी द्यावा. आता पुरावा देणार कोण? ज्यांनी त्याला पुलावर पाहिलं होतं, ते त्याच्याबरोबरच नदीत गेले होते. लोकांनी शाळेपुढं आरडाओरडा केला, दोन खिडक्या फोडल्या, तेव्हा कुठं समितीच्या साहेबांना सुचलं. नदीचा गाळ उपसून चाळायचा, त्यात सापडतील त्या किल्ल्या घेऊन हरवलेल्यांच्या घरोघर जायचं, ज्या दाराला किल्ली लागेल त्या घरचा माणूस पुलावर होता असं धरायचं. किल्ल्या लावून बघायला शहरातला सगळ्यात जुना कुलूपवाला बोलावला.

त्याला सगळे उस्ताद म्हणत. तो बोलायचाही तसाच. “या शहरातली निम्मी दारं माझ्या मेहेरबानीनं बंद आहेत,” असं गिऱ्हाइकाला ऐकवायचा. पण बादलीशी तो बसला, तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटेना. कारण एकोणिसांतला एक त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा होता. आणि तो एकोणिसांच्या यादीतही नीट बसत नव्हता.

“तुमच्या मेहुण्यांपुढं शेरा आहे, उस्ताद,” टेबलामागच्या बाईंनी चष्मा वर ढकलला. “स्वखुशीनं घर सोडल्याची शक्यता.”

“बाई, पलीकडच्या दवाखान्यात कंपाउंडर आहे तो. अकरा वर्षं रोज सहाच्या सुमाराला त्याच पुलावरून येतो.”

“रोज येतात हो. त्या दिवशी आले का? सकाळी जिन्यात उभे राहून ओरडले, ‘परत या घरात पाऊल ठेवणार नाही.’ चार शेजाऱ्यांचे जबाब आहेत.”

“असं मी आमच्या घरी आठवड्यातून दोनदा ओरडतो. आणि संध्याकाळी जेवायला काय आहे म्हणून विचारतो.”

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते फॉर्मच्या मागं लपवलं. “मग किल्ली शोधा. सापडली तर शेरा काढते. नियम सगळ्यांना सारखा.”

किल्ली त्यानंच केलेली होती. बहिणीच्या दाराला कुलूप त्यानंच बसवलेलं, आतून-बाहेरून दोन्हीकडून किल्ली लागणारं. दोन किल्ल्या घासल्या, एक तिची, एक नवऱ्याची. आपल्या हातच्या कानशीचे ओरखडे तो आपल्या अक्षरासारखे ओळखायचा. त्यानं बादली तीनदा उपसली. बोटं गाळानं काळी झाली, नखांत गंजाचा वास बसला. ती किल्ली नव्हती.

तिसऱ्या मजल्यावर बहीण दाराशी उभीच होती.

“मिळाली?”

“गाळ अजून चाळतायत. आणखी बादल्या यायच्यात.”

“दादा, मला दाखला नको, काही नको,” ती म्हणाली. “फक्त एवढं सांग... ते येत होते, की सोडून गेले? पडद्याच्या रंगावरून भांडलो रे आम्ही. एका पडद्याच्या रंगावरून!”

उस्ताद जिने उतरताना स्वतःशीच चडफडत राहिला. नदीला, साहेबाला, मेहुण्याला, पडद्याला, सगळ्यांना त्यानं शिव्या घातल्या.

इतर किल्ल्या मात्र लागत होत्या. आठ दिवसांत सहा दारं उघडली. पहिली किल्ली निवृत्त पोस्टमास्तरांच्या मुलीची. दोन दिवसांनी पोस्टमास्तर दुकानात आले, स्टुलावर बसले.

“उस्ताद, हसणार नसशील तर सांगतो.”

“सांगा की. हसण्याचे दिवस आहेत का?”

“तू किल्ली लावून, देऊन गेलास त्या दिवशी... संध्याकाळी साडेसहाला दार उघडलं. ती रोज त्याच वेळेला यायची. किल्ली खिळ्यालाच होती रे, मी बघत होतो. पण हलत होती. मग ओल्या चपलांचा आवाज. नदीचा वास. खुर्चीपर्यंत आली... थोडा वेळ थांबली. आणि गेली.” त्यांनी डोळे पुसले. “सकाळी फरशी कोरडी. त्या दिवसापासून मला झोप लागते.”

बेकरीवाल्याच्या भावजयीनं तेच सांगितलं. शिंप्यानंही तेच सांगितलं. प्रत्येकाचं माणूस एकदाच आलं, ठरल्या वेळेला आलं, आणि घर बघून गेलं. शहरात कुणी याबद्दल मोठ्यानं बोलत नव्हतं, पण ज्यांच्या किल्ल्या लागल्या नव्हत्या, ती घरं साडेसहाला दिवा लावून गप्प बसायला लागली. बहिणीच्याही कानावर ते गेलं. तिनं काही विचारणंच बंद केलं. नुसती दाराकडं बघत राहायची. उस्तादाला वाटलं, याहून तिनं आपल्याला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग त्यानं ते केलं.

दुपारी शटर ओढून बहिणीच्या किल्लीवरून त्यानं दुसरी किल्ली घासली. मिठाच्या पाण्यात बुडवली, व्हिनेगरमध्ये ठेवली, दोन दिवस ओल्या वाळूत पुरली. अकरा वर्षांची जुनी आणि महिन्याची बुडालेली दिसेल अशी तयार झाली. कारागिरी तर अशी, की स्वतःचाच त्याला क्षणभर अभिमान वाटला. नंतर लाज वाटली. त्याच्या धंद्यात एक नियम असतो, आणि तो सरकारी नाही. धनी समोर उभा असल्याशिवाय किल्ली करायची नाही. चोरीच्या भीतीनं असेल, दुसऱ्या कशानं असेल, त्याचा गुरू एवढंच म्हणायचा, “धन्याविना केलेली किल्ली कुणाचीही होते.” उस्तादानं तीस वर्षांत हा नियम मोडला नव्हता. शाळा बंद व्हायच्या वेळेला त्यानं ती किल्ली बादलीत सोडली. रात्रभर ती त्या सगळ्यांमध्ये पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या देखत ती बहिणीच्या दाराला लागली. कुलूप उघडल्याचा आवाज झाला आणि बहीण मटकन उंबऱ्यावर बसली. “येत होते,” एवढंच ती म्हणाली. “येतच होते.” बाईंनी शेरा खोडला, किल्ली तिच्या हातात दिली आणि जाता जाता उस्तादाच्या खांद्यावर थोपटलं. त्याला वाटलं, या महिन्यात या शहरात आपण सोडून कुणी एक काम धड केलेलं नाही.

संध्याकाळी तो मुद्दाम खालच्या जिन्यात थांबला. जिन्यातला बल्ब महिनाभर गेलेला. त्याचाही अर्ज कुठल्यातरी टेबलावर होता. साडेसहाला वर कुलूप वाजलं. कुणी जिना चढलेलं त्यानं ऐकलं नव्हतं. दार उघडलं. बहिणीचा आवाज आला, हुंदका की हसू, कळलं नाही. मग दार लागलं. नदीचा वास सावकाश पायऱ्या उतरत त्याच्यापर्यंत आला. त्यानं कपाळावरचा घाम पुसला. खोट्या किल्लीनं का होईना, माणूस घरी आला म्हणायचा.

सकाळी तो वर गेला. दार बोटभरच उघडलं.

“गेले ना?” त्यानं विचारलं.

“कुठं जातील?” बहीण कुजबुजली. “घर आहे त्यांचं. हळू बोल, झोपलेत.”

“अगं... झोपलेत म्हणजे?”

“दादा, किती बदललेत माहितेय? आता भांडत नाहीत. काही म्हणतच नाहीत. मी म्हणेन ते ऐकून घेतात.” तिच्या मागं पडदे ओढलेले होते. फटीतून गार वारा आला, तळाच्या पाण्यासारखा. “जा तू आता. दाराशी उभं राहिलेलं त्यांना आवडत नाही.”

पुढं आठ दिवस ती दार उघडीना. खालच्या मजल्यावरच्या काकू छताकडं बोट दाखवून तक्रार करायच्या, “नळ उघडा ठेवते का रे तुझी बहीण? आमच्याकडं ओल उतरलीय!” उस्ताद हो हो म्हणायचा.

नवव्या दिवशी गाळाची शेवटची बादली आली. उस्तादानं हात घातला, आणि दुसऱ्याच मुठीत ती होती. न बघताच कळली. त्याच्या हातची कानस, त्याच्या हातचा उतार. खरी किल्ली. मेहुणा खरंच घरी येत होता.

तो तसाच टेबलाशी गेला. “बाई, ही बघा. ही त्याची आहे.”

“कुणाची?”

“मेहुण्याची. ती आधीची... ती मी केली होती. खोटी होती. मला काय शिक्षा करायची ती करा, पण ती रद्द करा आणि ही लिहून घ्या.”

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “उस्ताद, तुम्ही दमलात. प्रकरण बंद झालं, वर गेलं. एका माणसाला एकच किल्ली. दुसरी लिहायला रकानाच नाही.”

“अहो, माणूस नदीत आहे अजून! त्याला घरी यायचंय!”

“मग तुमच्या बहिणीकडं राहतंय कोण?” बाईंनी सहज विचारलं, आणि प्रश्न विचारून झाल्यावर त्यांचाच चेहरा उतरला. त्यांनी फॉर्म पुढं ओढले. “बेवारस किल्ल्यांचं खोकं तिकडं आहे,” त्या हळूच म्हणाल्या.

उस्तादानं किल्ली खोक्यात टाकली नाही. मुठीत घेऊन तो निघाला. होडीची रांग, काठावर गप्प उभी असलेली माणसं, ती शहाणी पाटी, सगळं मागं टाकत तो बहिणीच्या जिन्यापाशी पोचला, तेव्हा साडेसहाला दोनच मिनिटं कमी होती. भिंतीला धरून तो चढला. भिंत ओली लागली.

दाराशी उभा राहून त्यानं किल्ली घातली. अर्ध्यावर अडली. त्याच्या हाताला लगेच कळलं. आतल्या बाजूनं कुलपात दुसरी किल्ली घातलेली होती, आणि ती तशी असताना बाहेरून कुणालाही दार उघडता येत नाही. उस्तादालासुद्धा नाही.

“अगं, ऐक,” तो दाराला तोंड लावून म्हणाला. “आतली किल्ली काढ. जो आत आहे तो... तो आपला नाही. भाऊजींची किल्ली सापडलीय. ते येतच होते गं. खरंच येत होते.”

आत काही हललं नाही. खाली, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, कुणीतरी दमून श्वास सोडला. मग पायरीवर पाणी पडलं. मग वरच्या पायरीवर. ओले बूट एकेक पायरी चढत होते, घाई न करता, रोजच्या जिन्यावर चढतात तसे. उस्तादाच्या मागं येऊन ते थांबले आणि पायपुसण्यावर घासले गेले. डावा. उजवा. उस्तादानं मान वळवली नाही.

“दादा...” दारामागून बहिणीचा आवाज आला, अगदी लहान झालेला. “तू एकटाच आहेस ना रे?”

“हो,” तो म्हणाला.

“नाही,” दाराला अगदी लागून, आतून, एक मऊ आवाज म्हणाला. तो मेहुण्याचा नव्हता. उस्तादानं तो कधीच ऐकलेला नव्हता. “दोघं आहेत.”

आतली किल्ली कुणीतरी सावकाश बाहेर ओढून घेतली. आणि उस्तादाच्या बोटांतली किल्ली, त्यानं जराही जोर न लावता, पूर्ण आत गेली.