सेराफिनाचा पेला

दर सोमवारी पाणी बदलायचं, हा एव्हारिस्तोआजोबांच्या घरचा नेम. पियानोवर सात पेले, घरातल्या प्रत्येक गेलेल्या माणसाचा एक. सगळ्यात डावीकडचा त्यांच्या बहिणीचा, सेराफिनाचा. तरुणपणी हवानाच्या नाचघरांत दोघं एकाच बाकावर बसून वाजवायची. ती डावीकडे ठेका धरायची, हे उजवीकडे सूर उधळायचे. मग ती गेली, नाचघरं बंद झाली, आणि आजोबांनी पुढची तीस वर्षं व्यायामशाळेत पोरांच्या कोलांट्यांना साथ करण्यात घालवली.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा डावा हात लुळा पडला. तरी स्वयंपाकघरातून नातीला, योआन्द्राला, पियानोच्या दोन्ही बाजू वाजताना ऐकू यायच्या.

"डावं ती सांभाळते," आजोबा सांगायचे.

सेराफिनाचा पेला आठवड्यात चार बोटं उतरायचा, बाकीचे जेमतेम एक. योआन्द्रा शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. खिडकीजवळ आहे, वाफ होते, असं तिने स्वतःला समजावलं होतं. समजावणं तिला छान जमायचं, पटणं तेवढं राहून जायचं.

त्या सोमवारी तीन वाजता ध्वनिमुद्रणवाला उबाल्दो येणार होता. आजोबांच्या वादनाच्या जुन्या फिती कुठेशी सापडल्या होत्या आणि परदेशातून विचारणा होत होती, हा माणूस जिवंत आहे का? वाजवणं पसंत पडलं तर अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी स्वतःच्या नावाची पहिली तबकडी. नाही तर पुन्हा कोण विचारणार होतं!

नळाला तीन दिवस पाणी नव्हतं. योआन्द्राची आठ महिन्यांची नेल्सा सकाळपासून तापाने फणफणलेली, ओठ सुकलेले. उकळलेलं पाणी दुपारीच संपलं. होतं ते फक्त पेल्यांत. सकाळी तिनेच उकळून भरलेलं.

"मेलेल्यांना कसले जंतू बाधतात गं?" आजोबा तेव्हा हसले होते.

पाळण्यापासून हाताच्या अंतरावर डावीकडचा पेला होता. नेल्साने तो घटाघटा संपवला आणि बघता बघता ताप उतरला. योआन्द्राला इतकं हायसं वाटलं की पेला भरायचा राहूनच गेला.

उबाल्दो आला, मागच्या खुर्चीत बसला. आजोबा नेहमीसारखे डावीकडे जागा सोडून बाकावर बसले. उजवा हात धावला. डावीकडून काहीच आलं नाही. ते थांबले, पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबले.

"मास्तर, हात तापवताय की आम्हाला?" उबाल्दोने घड्याळ पाहिलं.

आजोबांची नजर पेल्यावर गेली. हळूच त्यांनी विचारलं, "कुणी प्यायलं?"

"नेल्सा... उकळलेलं पेल्यांतच उरलं होतं, आजोबा. दुसऱ्यातलं ओतून आता भरते..."

"आता भरून काय उपयोग?" ते रागावले नाहीत, याचीच तिला जास्त भीती वाटली. "तिला आण इकडे."

"झोपलीय ती..."

"नाही झोपलेली. बघ जा."

नेल्सा पाळण्यात ताठ बसून पियानोकडे पाहत होती. योआन्द्राने तिला उचललं, छातीशी घट्ट धरलं. दार तीन पावलांवर होतं. मग तिला आजोबांची पाठ दिसली, इस्त्री केलेल्या एकुलत्या एक कोटातली. पाचच मिनिटं, तिने स्वतःला समजावलं.

आजोबांनी लुळ्या हाताच्या कुशीत पोरीला घेतलं आणि उजवा हात पट्ट्यांवर टाकला.

ठेका आला. भरदार, आळसावलेला, नाचघरातला. उबाल्दोने डोळे मिटले, पाय हलू लागला. योआन्द्रा मात्र उघड्या डोळ्यांनी पाहत होती. नेल्साची इवलीशी बोटं पट्ट्यांपासून वीतभर वर, हवेत हलत होती. खाली पट्ट्या आपोआप दबत होत्या.

"मास्तर, हा डावा हात!" उबाल्दो खुर्चीतूनच ओरडला. "लोक म्हणत होते तो गेला म्हणून."

तबकडी निघाली, गाजली. ध्वनिमुद्रणाच्या प्रत्येक दिवशी आजोबांनी पणतीला मांडीवर घेतलं. म्हातारपणीचं वेड, असं समजून कुणी हरकत घेतली नाही.

योआन्द्रा अजून दर सोमवारी डावीकडचा पेला काठोकाठ भरते, उकळलेल्या पाण्याने, हात जोडून. बाकीचे सहा पेले बोटभर उतरतात. ऐन ऑगस्टच्या उकाड्यात, उघड्या खिडकीजवळ, सेराफिनाचा मात्र आता केसभरही उतरत नाही.