खुशालरावांचा कोट

खुशालराव गेले तेव्हा बार्शीटाकळीच्या शिवारात कोणी फारसं रडलं नाही. पोराबाळांना हरभऱ्याचा एक घाटा तोडू न देणारा माणूस! मेलेल्याचे कपडे गोरगरिबाला द्यायची रीत. पण मुलगा नत्थुजी बापाच्या वरताण. त्यानं म्हाताऱ्याचा लोकरी कोट वावरातल्या बुजगावण्याला चढवला. "रोहीबी भेतीन अन् कोटबी घरचा घरात राहीन," म्हणे.

रोही म्हणजे नीलगाई. त्यांना हाकलायला सातवीतली रश्मी होती. माय मजुरीहून येईपर्यंत तिनं डबा बडवायचा, मग रात्री दोघींनी वावरातल्या गवती खोपडीत राखण करायची. पीक वाचलं तर नत्थुजीकडून पोतंभर हरभरा, आणि त्यातून रश्मीला स्वेटर. नाही वाचलं तर हाही हिवाळा कुडकुडतच.

त्या संध्याकाळी थंडी अशी पडली, की डब्यापेक्षा तिचे दातच जोरात वाजायला लागले. इकडंतिकडं पाहून तिनं बुजगावण्याचा कोट काढला.

"घालून पाह्यतो जी फक्त," ती त्याच्या मडक्याच्या तोंडाला म्हणाली.

कोटाला तंबाखूचा वास होता. आणि आतून तो... गरम होता.

अंधारून आलं. धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून, रोही उतरले, घोड्याएवढे. रश्मीनं डबा बडवला. एकानं मान वळवून पाहिलं आणि खुशाल चरायला लागला. उघडं बुजगावणं पाहून त्यांची भीडच चेपली होती. गेला हरभरा, गेला स्वेटर!

तेवढ्यात तिच्या कानामागं कोणीतरी खाकरलं.

"हाऽऽड्! कोनाच्या बापाचं वावर हाय रे?"

रोही शेपट्या वर करून पळाले. रश्मीही पळाली असती, पण पाय उचलेनात.

"पोरी... घाटे खाल्ले काय तू?"

खाल्ले होते. चांगले ओंजळभर.

"भूक लागली होती जी..." ती रडकुंडीला आली. "कोट वापस देतो. पन रोही रोज हाकला. मले स्वेटर घ्याचा हाय."

मग कानामागून एक सुस्कारा.

"मेल्यावरबी राखनच काय वं..."

रश्मीनं कोट बुजगावण्याला घातला आणि खोपडीकडं धूम ठोकली. माय आल्यावर तिच्या कुशीत शिरली ती सकाळीच उठली.

हरभऱ्यात एक खूर उमटला नव्हता. बुजगावणं उघडंच उभं होतं. आणि कोट रश्मीच्या अंगावर होता, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. खिशात सोललेले हिरवे दाणे. भुकेला भुताची काय पर्वा? तिनं आधी ते खाल्ले, मग बटणं काढायला गेली.

निघेनात.

"राहू दे वं," कानामागून आवाज आला. "मलेबी थंडी वाजून राहिली."