दोन रेघा वर

खोटं लिहिता तुम्ही. दर महिन्याला, मासिकाच्या गुळगुळीत कागदावर, शेजारी स्वतःचा हसरा फोटो छापून खोटं लिहिता. ‘ज्याने निम्मे पैसे अ‍ॅम्प्लिफायरवर घातले नाहीत, त्याने हेडफोन ऐकलाच नाही’ हे वाक्य तुमचंच ना? तुम्हाला परीक्षणासाठी यंत्रं फुकट घरपोच येतात. तुमच्या नावापुढे लोक ‘सेन्सेई’, म्हणजे गुरुजी, लावतात, म्हणून तुम्हाला कुणी जाब विचारत नाही. पण एका पोरीने ती ओळ कापून पाकिटात जपून ठेवली होती, आणि त्या पाकिटातले तीन लाख येन तिने दोन वर्षं दुपारी घरचा भाताचा गोळा खाऊन साठवले होते. ही गोष्ट तिची आहे. तुम्हीही ऐका.

पोरीचं नाव कोझुए मोगामी, वय सत्तावीस. ओमियाच्या एका कारखान्यात ती कवळ्या घडवते. घासायचं यंत्र दिवसभर कानाशी किरकिरतं. तिच्या खोलीच्या भिंती इतक्या पातळ की शेजाऱ्याने चमचा खाली ठेवला तरी कळतं, त्यामुळे तिचं सगळं संगीत हेडफोनमध्येच. डिसेंबरच्या बोनसची भर पडून तीन लाख पुरे झाले आणि त्याच शनिवारी ती अकिहाबारातल्या हेडफोनच्या दुकानात शिरली.

आत पन्नासेक माणसं होती, पण चिडीचूप. जो तो डोळे मिटून आपापल्या हेडफोनमध्ये बुडालेला. कोझुएने एक हेडफोन ऐकला, काढला, आणि रिवाजाप्रमाणे ओल्या कागदाने त्याची गादी पुसायला घेतली. गादी झाली, गादीची शिवण झाली, मग शिवणीमागची खाचही...

“ग्राहकदेवता, आता पुरे. तो रडेल.”

काउंटरमागे एक उंच, किडकिडीत तरुण उभा होता. दिवसभर हेडफोन घालून डोक्यावरचे केस मधोमध चपटे झालेले. छातीवरच्या बिल्ल्यावर नाव होतं — तोगाशी.

“माझ्या हाताखालून माणसांचे दात जातात,” ती म्हणाली. “सवय आहे.”

“दात? अरे बापरे. मग मी तोंड मिटूनच बोलतो.”

“उशीर झाला. खालचे दोन वाकडे आहेत.”

तो तोंडावर हात धरून हसला. वीज-बीज काही चमकली नाही. तिला ते हसणं आवडलं, एवढंच.

“तीन लाख आहेत,” तिने सरळ मुद्द्याला हात घातला. “कुठे घालू?”

“काय ऐकता?”

“कोतो. तारेवर नख घासतं ना... सूर लागायच्या आधी... तो आवाज.”

त्याने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग तिला आवडलेला एक लाख चाळीस हजारांचा हेडफोन त्याने दोन अ‍ॅम्प्लिफायरना आलटून पालटून जोडून दिला. एक छोटा, बावीस हजारांचा. दुसरा काळाकभिन्न, एक लाख साठ हजारांचा. छोट्यावर कोतो छान वाजलं. काळ्यावर मात्र वाजवणारी बाई जणू उठून तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली.

“काळा,” कोझुए कुजबुजली.

“घाई नको,” तो खाली बघत म्हणाला. “पुढच्या शनिवारी पुन्हा ऐका.”

ती पुन्हा आली. त्याच्या पुढच्याही शनिवारी आली. तो तिच्यासाठी कोपऱ्यातली खुर्ची अडवून ठेवू लागला, रस्त्यावरच्या नाणं टाकायच्या यंत्रातून मक्याच्या गरम सूपचा डबा आणू लागला. ती संत्री आणायची आणि फोडी सोलून, शिरा काढून त्याच्यापुढे ठेवायची.

“ही केबल ऐकून बघायची का? साठ हजारांची आहे.”

“तिला कोतो वाजवता येतं?”

“नाही.”

“मग राहू दे तिथेच.”

“मोगामी-सान, तुम्ही अशाच बोलत राहिलात तर आमचं दुकान बसेल.”

“बसू दे की. तुम्ही आमच्याकडे या, कवळ्या पुसायला.”

चौथ्या शनिवारी ती पाकीट घेऊनच आली. तीन लाख, कोरे करकरीत. काळा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा पक्कं झालं होतं. तोगाशी फॉर्म भरत होता आणि ती सहज बोलून गेली, “आता नाही घेतला तर राहूनच जाईल. कंपनीत कानाच्या तपासणीत तो बारीक आवाज ऐकवतात ना, तो यंदा मला उशिरा कळला. डाव्या कानाला तर अगदीच. घासायच्या यंत्रामुळे असेल. नखाचा आवाज ऐकू येतोय तोवर नीट ऐकून घेते.”

त्याचं पेन थांबलं.

“मोगामी-सान... काळा घेऊ नका.”

“का?”

“त्याचा आवाज मी दोन रेघा वर ठेवला होता. महाग यंत्राचा ठेवायचाच, असा हुकूम आहे. थोडंसं मोठं वाजलं की कानाला ते चांगलंच वाटतं... कुणाच्याही कानाला.”

त्याने खणातून आवाज मोजायचं यंत्र काढलं, दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज काट्यावर सारखा केला आणि तिला डोळे मिटायला सांगितलं. दहा वेळा अदलाबदल केली. कोझुएला पाच वेळा बरोबर ओळखता आलं. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच जमलं असतं.

तिने हेडफोन काढला. या वेळी पुसला नाही.

“चार शनिवार,” ती म्हणाली. “चार शनिवार माझ्या कानात मुद्दाम जास्त आवाज ओतलात? या कानात?”

“हो.”

“मालकाचा हुकूम म्हणून?”

“हुकूम त्यांचा होता. बटण फिरवणारा हात माझा होता.” तो कमरेत पार वाकला आणि वाकलेलाच राहिला. आजूबाजूच्यांनी हेडफोन काढले आणि टकामका बघू लागले. कोझुए पाकीट उचलून निघून गेली.

आठवडाभर ती धुमसत होती. राग अगदी खरा होता. पण तो बोलला नसता तर तिला जन्मात कळलं नसतं, हेही तितकंच खरं होतं. नोकरीवर बेतेल हे माहीत असून तो बोलला. शनिवारी सकाळी तिने संत्री घ्यायची नाहीत असं ठरवलं, आणि ट्रेन पकडली.

काउंटरवर एक पोक्त बाई होती. “तोगाशी? तो तिसऱ्या मजल्यावर. सगळ्या यंत्रांचे आवाज सारखे करून ठेवले त्याने, आणि वर मॅनेजरना जाऊन सांगितलं.”

“मग बढती मिळाली?”

“त्या मजल्यावर हीटर नाही,” बाई म्हणाली.

तिसऱ्या मजल्यावर कानांचे साचे घेतात. मफलर गुंडाळून बसलेला तोगाशी तिला पाहून ताडकन उठला.

“तो मला आवडलेला हेडफोन,” तिने बोटांवर मोजलं, “आणि तो बावीस हजारांचा छोटा. काळा नको, केबल नको. बरोबर?”

“बरोबर. पैसा आधी हेडफोनवरच घालायचा. आणि...” तो अडखळला. “वीस हजार आणखी खर्च करा. कामावर घालायला बुचं, तुमच्या कानाच्या मापाची. ही सगळ्यात आधी घ्यायला हवीत. कान कसे आहेत, हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. उरलेले पैसे घरी न्या.”

“या सल्ल्याचा हुकूम कुणाचा?”

“कुणाचाच नाही.”

ती खुर्चीत बसली. त्याने दोन्ही कानांत दोऱ्याला बांधलेला स्पंज सरकवला, दातांत धरायला ठोकळा दिला आणि गुलाबी लगदा कालवायला घेतला.

“अजून थोडं मळा,” ती ठोकळ्याआडून पुटपुटली. “दातांना आम्ही हेच वापरतो.”

“रुग्णाने बोलायचं नसतं. साचा बिघडतो.”

थंडगार लगदा कानात भरत गेला आणि जग बंद झालं. पाच मिनिटं हलायचं नाही, बोलायचं नाही. तिला फक्त स्वतःचा श्वास ऐकू येत होता. तोगाशी समोरच्या स्टुलावर बसला. घड्याळाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा घड्याळाकडे. आणि मग त्याचे ओठ हलायला लागले. आधी थोडे. मग बराच वेळ. मध्येच तो थांबला, मफलर सोडून हातात घेतला, पुन्हा बोलला. तिला ओठांवरून एकच शब्द कळला — तिचं नाव. आडनाव नव्हे, नाव. शेवटी त्याने हलकेच मान झुकवली.

पाच मिनिटं संपली. त्याने साचे अलगद ओढून काढले. जग परत आलं... खालच्या रस्त्यावरची गाडी, त्याच्या बुटांची कुरकुर. तिने तोंडातला ठोकळा काढला.

“काय म्हणालात?”

“काही नाही. वेळ मोजत होतो.”

“वेळ मोजताना माणूस मानेपर्यंत लाल होत नाही.”

“इथे... हीटर नाही. थंडीमुळे.”

“तोगाशी-सान,” तिने खुर्ची पुढे ओढली, इतकी की गुडघे टेकले. “एकदा आवाज वाढवून फसवलंत. आज कान बुजवून बोललात. आता दोन्ही कान मोकळे आहेत आणि मी कुठेही जात नाहीये. पहिल्या शब्दापासून, नेहमीच्या आवाजात... काय म्हणालात?”