सेव्हर्नकाठच्या बागेचं दार

शनिवारी संध्याकाळी माळी ईनक बीवननं बागेच्या जुन्या लोखंडी दाराला कुलूप लावलं. रविवारी सकाळी तिथे नुसते दगडी खांब! दोन्ही झडपा गायब.

"सोमवारी कठडे नि दार वितळवायला जाणार होते. रणगाड्यांसाठी!" नगरसेवक क्लटरबक गरजले. "यानं आधीच विकलं. नोकरी गेली, बागेतलं घरही गेलं समज, बीवन."

"तीस वर्षं त्या बिजागऱ्यांना तेल घालतोय, बाई," ईनक गावातली कोडी सोडवणाऱ्या मिस हेस्टर प्रॉथरोंना म्हणाला. "विकीन कसा?"

हेस्टरनी वरच्या बिजागरीतून लोकरीचा पुंजका काढला. लाल, पांढरा, निळा.

"पोराचा स्वेटर अडकला असेल," त्यांचा भाऊ बर्ट्रम म्हणाला.

"इतक्या उंचावर? आणि ती वरची फांदी बघ. साल घासली गेलीय."

चर्चमध्ये पाद्रीबाबा मॉस्टिन यांनी दोघांना चहा दिला. "युद्धामुळे घंटा बंद. शत्रू उतरला तरच वाजवायच्या. माझे सहा घंटावाले बसून बसून जाड झालेत."

चर्चच्या मनोऱ्यात घंटांचे सहा दोर टांगले होते. प्रत्येकावर हातात धरायला रंगीत लोकरीची जाड मूठ. एक दोर ओला, चिखलानं माखलेला.

"छप्पर गळतं वाटतं," बर्ट्रम म्हणाला.

"पाऊस कुठे झालाय?"

संध्याकाळी हेस्टरनी सगळ्यांना खांबांपाशी बोलावलं.

"एवढं वजन उचलायला जोरापेक्षा ठेका लागतो. सहा माणसं, एकदम ओढणारी. दोर फांदीवरून टाकला, त्याची मूठ बिजागरीत अडकली. नदीतून चर्चकडे न्यायला झडपा होडीत ठेवताना दोर भिजला. पाद्रीबाबा, घंटा बंद, म्हणून त्यांच्या माळ्यावर हल्ली कुणी चढत नाही. झडपा तिथेच आहेत ना?"

पाद्रीबाबांनी डोळे मिटले. "मागच्या युद्धाला आपली मुलं याच दारातून गेली. न परतलेल्यांच्या आया अजून त्या आडव्या पट्टीला हात लावून आत येतात. ते वितळू कसं देऊ? पण ईनकवर आळ येईल हे ध्यानातच आलं नाही. मी आत्ता सांगणारच होतो."

"दार लपवायची गरजच नव्हती," हेस्टर हळूच म्हणाल्या. "जुनं कारागिरीचं लोखंड वगळा, असा सरकारचाच नियम आहे. नगरसेवकसाहेबांनी कठड्यांबरोबर दारावरही वितळवायची खूण केली."

क्लटरबकनी टोपी काढली. "चुकलोच. बीवन, घर तुझंच. दारही राहील."

डोळे पुसून ईनक पाद्रीबाबांकडे वळला.

"बसवायला तेच सहा जण आणा. पण या खेपेला दोर धुऊन आणा हं, बाबा."